पळसाचा द्रोण, त्याची काडी आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या आदल्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू पळसाची पानं घेऊन द्रोण लावत बसल्या होत्या. बाजारात कागदाचे द्रोण ढीगभर मिळतात, पण महालक्ष्म्यांची आंबील पळसाच्याच द्रोणात वाढायची, हा त्यांच्या सासूबाईंपासूनचा नेम. मी मदतीला बसले. दहा-बारा द्रोण झाल्यावर त्या उठल्या आणि आतून एक रिपोर्ट आणून माझ्यापुढे ठेवला.

"ताई, तुम्ही बायोकेमिस्ट्री शिकवता ना जी. हे पाहा. माह्या पोराचं एलडीएल २३८ आलं. पोरगा कसा काडीसारखा हाये, रोज अंबाझरीले पळायले जाते. सारे म्हणतात, तर्री कमी करा. आमच्या घरी तर्री होतेच कुठं?"

मुलगा २९ वर्षांचा. त्याचे वडील ४१व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. काकूंच्या मनात आणखी एक भीती होती आणि ती त्यांनी अगदी हळू आवाजात विचारली. गुडघ्यांसाठी त्या कॅल्शियमच्या गोळ्या घेतात, त्यातल्या काही मुलालाही कधीमधी दिल्या होत्या. कॅल्शियमने नसा कडक होतात असं कोणीतरी सांगितलेलं. "माह्या गोळ्यांनी तर नाही ना झालं हे?"

नाही झालं. ते मी लगेच सांगितलं. पण कॅल्शियमचा आणि त्या २३८ आकड्याचा एक खरा संबंध आहे. तो इतका वेगळा आणि इतका सुंदर आहे, की त्या संध्याकाळी हातातल्या द्रोणावरच मी तो समजावला. तोच इथे जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात तर्रीपासूनच करू. आमच्या नागपुरात सीताबर्डीवर सकाळी तर्री-पोह्यांची प्लेट हातात घेतली, की रश्श्यावर लाल तेलाचा थर तरंगताना दिसतो. कितीही ढवळा, तेल पाण्यात मिसळत नाही. रक्त हे मुळात पाणीच, आणि कोलेस्टेरॉल जातीनं तेलकट. ते तसंच रक्तात सोडलं तर त्याच्या गुठळ्या होतील. म्हणून शरीर त्याची पुडकी बांधतं. अशाच एका पुडक्याचं नाव एलडीएल. हा कण साधारण २२ नॅनोमीटर रुंदीचा असतो. त्याच्या पोटात तेलकट रूपातल्या कोलेस्टेरॉलचे सुमारे १५०० रेणू, वरून पातळ साल, आणि त्या सालीभोवती गुंडाळलेलं एकच लांबलचक प्रथिन, अपोबी-१००. अमिनो आम्लं म्हणजे ज्यांच्या साखळीतून प्रथिन बनतं ते मणी. या एका प्रथिनात असे ४५३६ मणी आहेत.

एलडीएलला सगळे 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतात. ते नाव मला आवडत नाही. पुडकं वाईट नसतं. ते रक्तात फार दिवस हिंडत राहिलं, उचललं गेलं नाही, तर रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरतं आणि तिथे साचतं. म्हणजे खरा प्रश्न उचलण्याचा आहे. उचलतं कोण? मुख्यतः यकृताच्या पेशी. कशाने? त्यांच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाने, ज्याला एलडीएल रिसेप्टर म्हणतात.

हा रिसेप्टर शोधला मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघांनी, अमेरिकेत डॅलस इथे, १९७३-७४च्या सुमारास. ज्यांचं कोलेस्टेरॉल जन्मापासून भयंकर वाढलेलं असतं, अशा रुग्णांच्या त्वचेच्या पेशी त्यांनी काचपात्रात वाढवल्या आणि निरोगी माणसांच्या पेशींशी ताडून पाहिल्या. निरोगी पेशी एलडीएल पकडून आत घेत होत्या. रुग्णांच्या पेशींना ते पकडताच येत नव्हतं. या कामासाठी दोघांना १९८५ साली नोबेल मिळालं. त्यांच्या प्रयोगांतली एक बाब मात्र आपल्या गोष्टीच्या मुळाशी आहे. पेशींभोवतीच्या द्रावणातून कॅल्शियम काढून घेतलं, की निरोगी पेशीसुद्धा एलडीएल पकडू शकत नाहीत.

कॅल्शियम काढायचं कसं, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. धंतोलीतल्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त द्यायला बसा. एक नळी जांभळ्या झाकणाची असते. रक्त भरल्यावर तिथली मुलगी ती नळी हळूच आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करते. त्या नळीच्या आत ईडीटीए नावाच्या रसायनाचा लेप असतो. ईडीटीए कॅल्शियमला चारी बाजूंनी मिठी मारतं आणि सोडत नाही. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं, ते मिळालं नाही की रक्त पातळच राहतं. नळी उलटी-सुलटी करायची ती हा लेप सगळ्या रक्तात नीट मिसळावा म्हणून. पेशींवर एलडीएल चिकटू न देण्यासाठी प्रयोगशाळेत वापरतात तेही हेच ईडीटीए.

मग कॅल्शियम त्या रिसेप्टरमध्ये करतं काय?

पेशीच्या आवरणातून बाहेर डोकावणारी एक लांब दोरी डोळ्यांसमोर आणा. दोरी म्हणजे ८३९ अमिनो आम्लांची साखळी. तिचं एक टोक पेशीच्या आत, उरलेली जवळजवळ सगळी बाहेर. बाहेरच्या अगदी शेवटच्या टोकाला एकासारखे एक असे सात छोटे तुकडे ओवलेले आहेत. प्रत्येकात साधारण ४० अमिनो आम्लं. एकसारख्या घडणीच्या या तुकड्यांना मॉड्यूल म्हणतात. एलडीएलला हात घालायचं काम या सात मॉड्यूलचं. त्यांच्यामागे वेगळ्या घडणीचे आणखी भाग आहेत. त्यातला एक सहा पात्यांच्या पंख्यासारखा दिसतो. त्या पंख्याकडे आपण नंतर येऊ.

आता द्रोण हातात घ्या. मडकं स्वतःच्या जाडीवर उभं राहतं. पळसाचं पान तसं राहत नाही. त्याला दुमडायचं, वळवायचं, आणि योग्य जागी काडी टोचायची, तेव्हा कुठे त्यात आंबील राहते. काडी निघाली की पान आपल्या मूळ वळणावर जातं आणि द्रोणाचं पुन्हा नुसतं पान होतं. काकूंना हे सांगताना मी एका तयार द्रोणाची काडी ओढली. पान हळूहळू पसरलं. "मोडला ना जी," म्हणत त्यांनी तो हातातून घेतला आणि परत टोचला.

प्रथिनांचंही असंच आहे. मोठं प्रथिन मडक्यासारखं असतं. त्याची पाण्याला नकोशी, तेलकट अमिनो आम्लं आत गोळा होतात, पाण्याशी जमणारी बाहेर राहतात, आणि त्या आतल्या गाभ्यावर सगळा आकार टिकतो. पण ४० अमिनो आम्लांच्या तुकड्याला 'आत' असं कितीसं असणार? गाभा धरायला माल पुरत नाही. म्हणून या छोट्या मॉड्यूलला बाहेरून टाके घालावे लागतात.

हे टाके दोन प्रकारचे आहेत. पहिले गंधकाचे. प्रत्येक मॉड्यूलमध्ये सिस्टीन नावाची सहा अमिनो आम्लं ठरावीक जागी असतात. सिस्टीनच्या अंगावर गंधकाचा अणू असतो, आणि दोन सिस्टीन एकमेकांना गंधकाने जोडून घेतात. सहांच्या तीन जोड्या, म्हणजे तीन टाके. सात मॉड्यूलचे मिळून ४२ सिस्टीन आणि २१ टाके.

दुसरा टाका कॅल्शियमचा, आणि माझ्या मते खरी गंमत त्यातच आहे. मॉड्यूलच्या शेवटच्या भागात अ‍ॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लं दाटीवाटीने बसलेली असतात. दोघांच्याही अंगावर ऋणभार. एकसारखे भार एकमेकांना ढकलतात, त्यामुळे ही आम्लं आपणहून जवळ यायला तयारच नसतात. मध्ये दोन धनभारांचा कॅल्शियमचा कण येऊन बसला, की सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळतात. पाचव्या मॉड्यूलची रचना १९९७ साली स्फटिकातून क्ष-किरणांनी पाहिली गेली, तेव्हा हे चित्र पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. मध्ये कॅल्शियम आणि त्याच्याभोवती सहा ऑक्सिजन. चार एका पातळीत चार दिशांना, एक वर आणि एक खाली. या सहांपैकी चार ऑक्सिजन चार आम्लांचे, दोन साखळीच्या कण्यातले. जेमतेम १५ अमिनो आम्लांच्या अंतरातून साखळी कॅल्शियमभोवती एक पूर्ण वळसा घेते.

इथे वर्गात हमखास प्रश्न येतो. मॅग्नेशियमवरही दोन धनभार असतात, मग ते का चालत नाही? मॅग्नेशियम अंगानं लहान असतं आणि स्वतःभोवतीच्या पाण्याला घट्ट धरून ठेवतं. कॅल्शियम थोडं मोठं, त्यामुळे ते पाणी झटकन सोडतं, मॅग्नेशियमपेक्षा हजारो पटींनी लवकर. शिवाय भोवतालचे ऑक्सिजन थोडे पुढेमागे असले तरी ते जुळवून घेतं. प्रथिनाच्या वाकड्यातिकड्या खाचेत बसायला असाच जुळवून घेणारा पाहुणा लागतो.

कॅल्शियमचं महत्त्व फक्त तयार द्रोणाला धरून ठेवण्यापुरतं नाही. द्रोण लावतानाच ते हवं असतं. सहा सिस्टीनच्या तीन जोड्या लावायच्या तर एकूण १५ रीती आहेत. त्यातली बरोबर रीत एकच: पहिला तिसऱ्याशी, दुसरा पाचव्याशी, चौथा सहाव्याशी. १९९६ साली हाच पाचवा मॉड्यूल सुटा घेऊन केलेल्या प्रयोगांत दिसलं, की कॅल्शियम नसताना सिस्टीन कशाही जोड्या लावतात आणि चुकीच्या टाक्यांची खिचडी होते. कॅल्शियम घातलं, की साखळी योग्य आकारात सावरते आणि तीनही टाके आपापल्या जागी पडतात. पेशीत ही प्रथिनं जिथे घडतात, त्या कारखान्यात, म्हणजे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, कॅल्शियमचा साठा भरपूर असतो. ते इथे उपयोगाला येतं.

घडलेला मॉड्यूल एलडीएलला धरतो कसा, हेही बघण्यासारखं आहे. आम्लांच्या टोकाला दोन-दोन ऑक्सिजन असतात. एक कॅल्शियमकडे वळलेला, दुसरा बाहेरच्या बाजूला मोकळा. कॅल्शियमने आम्लांना ठरावीक दिशेने बसवल्यामुळे तीन मोकळे ऑक्सिजन शेजारी-शेजारी येतात आणि ऋणभाराची एक छोटी खाच तयार होते. समोरच्या प्रथिनाच्या पृष्ठभागावर लायसीन नावाचं अमिनो आम्ल असतं. त्याची शेपटी लांब आणि शेवटाला धनभार. ती शेपटी या खाचेत जाऊन बसते आणि बाजूला उभं असलेलं ट्रिप्टोफॅन हे दुसरं अमिनो आम्ल तिला आधार देतं. म्हणजे कॅल्शियम स्वतः पाहुण्याला शिवतही नाही, फक्त आम्लांना ताठ बसवतं. एका खाचेची पकड फार मोठी नसते. पण एकाच कणाला अनेक द्रोणांच्या खाचांनी धरलं, की पकड पक्की होते. सात का, याचं उत्तर बरंचसं यातच आहे. सातही द्रोणांचं महत्त्व सारखं नाही, हेही प्रयोगांतून कळलं आहे. पहिला काढला तर फारसं बिघडत नाही, पाचवा काढला तर सगळ्यात जास्त बिघडतं.

आता पकडण्याइतकीच गरजेची गोष्ट: सोडणं. माझे विद्यार्थी या भागावरून घाईने पुढे जातात, आणि मला दर वर्षी त्यांना परत मागे आणावं लागतं.

एलडीएल धरलेला रिसेप्टर पेशीच्या आवरणासकट आत ओढला जातो आणि एका छोट्या पिशवीत येतो. तिला एंडोसोम म्हणतात. इथे रिसेप्टरने एलडीएल सोडायला हवं. सोडलं तर एलडीएल पुढे पचवायला जातं आणि रिसेप्टर रिकामा होऊन परत पृष्ठभागावर येतो. अशी एक फेरी साधारण १० मिनिटांची. एक रिसेप्टर सुमारे २० तास जगतो, म्हणजे आयुष्यात शंभरावर फेऱ्या मारतो. नाही सोडलं तर फेऱ्या संपल्या.

सोडायला भाग पाडतं एंडोसोममधलं वातावरण. पेशी त्यात प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, भरते आणि आतलं पाणी आंबट होतं. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (जितकं आंबट तितका आकडा कमी), रक्तातल्या ७.४वरून सहाच्या खाली येतो. त्याच वेळी त्या पिशवीतलं कॅल्शियम भराभर बाहेर काढलं जातं. बाहेर रक्तात मोकळं कॅल्शियम १ मिलिमोलच्या जरा वर असतं, ते आत काही मायक्रोमोलवर उतरतं, म्हणजे शेकडो पटींनी कमी. दोन्हींचा मारा एकाच जागेवर. प्रोटॉन येऊन त्या आम्लांच्या ऑक्सिजनवर बसतात, त्यांचा ऋणभार मालवतात, आणि कॅल्शियमची पकड ढिली होते. द्रोणाची काडी निघते. द्रोण सैल पडला की लायसीनची शेपटी निसटते.

याच्या जोडीला पंख्याचीही मदत असते. २००२ साली डॅलसमध्येच, प्रथिनांच्या रचना अभ्यासणारे योहान डायसेनहोफर यांच्या सहभागाने, ५.३ पीएचला या रिसेप्टरच्या बाहेरच्या भागाची रचना पाहिली गेली. त्यात रिसेप्टर स्वतःवरच दुमडलेला दिसला. चौथा आणि पाचवा द्रोण मागच्या सहा पात्यांच्या पंख्याला जाऊन चिकटले होते. पंख्यावरचं लायसीन जणू एलडीएलच्याच जागी येऊन बसलं होतं. पंखा आणि द्रोण जिथे टेकतात तिथे हिस्टिडीन नावाची अमिनो आम्लं आहेत, आणि हिस्टिडीनवर आंबट वातावरणात धनभार येतो. काडी निघून द्रोण ढिला होणं आणि पंख्याने जागा बळकावणं, दोन्हींना पुरावे आहेत. मी शिकवते तेव्हा दोन्ही सांगते.

मग पृष्ठभागावर परत आल्यावर? बाहेर कॅल्शियम भरपूर आणि पीएच परत ७.४. तीन गंधकाचे टाके मधल्या वेळात सुटलेले नसतातच, त्यामुळे साखळी फार भरकटलेली नसते. नवी काडी टोचली जाते आणि द्रोण पुन्हा तयार.

आता काकूंच्या मुलाकडे येऊ. एलडीएल रिसेप्टरच्या जनुकात बिघाड असला, की फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया हा आनुवंशिक आजार होतो. आई-वडिलांपैकी एकाकडून बिघडलेली प्रत आली, तर निम्मे रिसेप्टर कामाचे आणि निम्मे निकामी. रक्तातलं एलडीएल जन्मापासूनच साधारण दुप्पट. जगभरात सुमारे २५० माणसांमागे एकाला हे असतं. २०११च्या जनगणनेत नागपूर शहराची वस्ती २४ लाखांच्या पुढे होती. तोच हिशेब इथे लावला तर नऊ हजारांवर माणसं होतात. त्यातल्या बहुतेकांना तरुणपणी काहीच जाणवत नसतं.

या जनुकातले दोन हजारांहून जास्त वेगवेगळे बिघाड नोंदले गेले आहेत. त्यातले कितीतरी थेट कॅल्शियमच्या या घराशी निगडित आहेत. पाचव्या द्रोणात कॅल्शियमला धरणारं २०७ क्रमांकाचं ग्लुटामिक आम्ल बदलून तिथे लायसीन आलं, तर ऋणभाराच्या जागी धनभार येतो. काडीच्या जागी दगड ठेवल्यासारखं. हे समजायला सोपं आहे. मला थक्क करतो तो २०६ क्रमांकाचा बदल. तिथे अ‍ॅस्पार्टिक आम्ल जाऊन ग्लुटामिक आम्ल येतं. दोन्ही आम्लंच, दोघांवर तोच ऋणभार, वागणूकही जवळपास एक. फरक फक्त एका कार्बनच्या लांबीचा. तेवढ्याने आम्लाचा हात कॅल्शियमपाशी नेमका जिथे यायला हवा तिथे येत नाही, आणि द्रोण नीट लागत नाही. असे बरेचसे रिसेप्टर घडण्याच्या जागीच अडकून पडतात, कारण पेशी वेडावाकडा माल सहसा बाहेर पाठवत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानर लोकांत हा बदल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. एका कार्बनच्या फरकाने कित्येक घरांतली माणसं चाळिशीत जातात, हे वर्गात सांगताना माझा आवाज आजही बदलतो.

औषधांचं काम समजायलाही हेच चित्र उपयोगी पडतं. स्टॅटिनच्या गोळ्या पेशीतलं कोलेस्टेरॉल बनवणं मंदावतात. पेशीला तुटवडा जाणवतो आणि ती जास्त रिसेप्टर तयार करून पृष्ठभागावर पाठवते. एक प्रत चांगली असलेल्या माणसात ती चांगली प्रत जास्त काम करू लागते, म्हणून गोळीचा गुण येतो. दोन्ही प्रती पूर्ण निकामी असतील, तर गोळीला पकडायला काहीच उरत नाही. २०१५पासून वापरात आलेली काही इंजेक्शनं वेगळ्या जागी अडवतात. पीसीएसके९ नावाचं एक प्रथिन रिसेप्टरच्या, द्रोणांना लागूनच असलेल्या भागाला चिकटतं. तो भागही कॅल्शियम धरणाराच, फक्त घडण वेगळी. एंडोसोममध्ये ते सुटत नाही, उलट घट्ट होतं, रिसेप्टरला दुमडू देत नाही आणि परत यायच्या वाटेवरून वळवून पचवायला पाठवतं. इंजेक्शन पीसीएसके९लाच बांधून ठेवतं, मग रिसेप्टरच्या फेऱ्या चालू राहतात.

हे द्रोण फक्त कोलेस्टेरॉलसाठी नाहीत. एलआरपी-१ नावाच्या रिसेप्टरमध्ये असेच ३१ द्रोण आहेत, मूत्रपिंडातल्या मेगॅलिनमध्ये ३६. शाकाहारी घरांत ज्याची कमतरता वारंवार निघते ते बी-१२ जीवनसत्त्व रक्तातून पेशीत शिरतं, ते सीडी-३२० या रिसेप्टरमधून. त्यातही याच घडणीचे दोन द्रोण आहेत, कॅल्शियमची काडी टोचलेले.

काकूंच्या गोळ्यांचं पुन्हा एकदा सांगते, कारण हा प्रश्न मला इतरांनीही विचारला आहे. रक्तातलं कॅल्शियम शरीर फार अरुंद पट्ट्यात राखून ठेवतं, डेसिलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम. द्रोणाला लागणारं कॅल्शियम त्याच्या कितीतरी खाली असलं तरी पुरतं. म्हणून गोळी घेतल्याने रिसेप्टर जास्त पकडत नाहीत आणि बंद केल्याने कमी पकडत नाहीत. बिघडलेल्या रिसेप्टरला कॅल्शियम कमी पडत नसतं, त्याला धरणारे हात चुकलेले असतात. आणि जुन्या साचलेल्या थरात नंतर जमतं ते कॅल्शियम, स्कॅनवर 'कॅल्शियम स्कोअर' म्हणून मोजतात ते, ही अगदी वेगळी गोष्ट. नाव तेच, काम निराळं.

त्या संध्याकाळी मुलगा पळून घरी आला तेव्हा मी त्याला बूट-मोजे काढून पाठमोरं उभं राहायला सांगितलं. टाचेच्या मागची जाड शीर बोटांच्या चिमटीत धरून पाहिली. दोन्ही पायांची जाड आणि किंचित गाठाळ लागली. जास्तीचं कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षं तिथे साचलं की असं होतं. मी डॉक्टर नाही आणि ते मी स्पष्ट सांगितलं. पण मोठ्या माणसाचं एलडीएल १९०च्या वर, शीर अशी, आणि वडील ४१व्या वर्षी गेलेले, एवढं जमल्यावर हृदयरोगतज्ज्ञांकडे जायला आठवडाही थांबू नका, असं म्हटलं. आणि त्याच्या खाण्याचा दोष काढणं बंद करा, हेही. पथ्य हवंच, पण तर्री बंद करून मुळातली काडी जाग्यावर येत नाही.

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे हे याच्या बापाकडून आलं?" बहुधा हो. आणि बिघडलेली प्रत प्रत्येक मुलाकडे जायची शक्यता निम्मी असते. त्यांनी रिपोर्टच्या पाठीवरच नावं लिहायला घेतली: धाकटी मुलगी, काटोलला राहणारे दीर, दिरांची दोन मुलं, नातू.

महालक्ष्म्या उठल्यावर सगळ्यांची रक्तं तपासून झाली. धाकटीचं एलडीएल १०४ आलं. दिरांचं २२१, त्यांच्या थोरल्याचं ११२, दुसऱ्याचं २१५, आणि त्या दुसऱ्याच्या अकरा वर्षांच्या मुलाचं १९६. त्या मुलाला आता बालरोगतज्ज्ञांकडे नेलं आहे. त्याला लॅबमधली जांभळ्या झाकणाची नळी आवडली होती. ती का हलवतात, हे त्याने काकूंना विचारलं, आणि काकूंनी ते त्याला नीट सांगितलं.